दुखणं उरतं त्याचं काय?

(तुर्भ्यात तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. फक्त शिव्या काढल्यात.)



विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरचे चौघं हसले. हसू द्या. मीही हसलो असतो. आपण इथं बसून सगळ्या जगाच्या शोषणावर बोलतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोलतो, पण आपल्याच दोन मांड्यांच्या मध्ये जे आहे त्याचं नाव घ्यायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. पुस्तकात त्याला वृषण म्हणतात. वस्तीत आपण गोट्या म्हणतो, आंड म्हणतो. शिवी द्यायला हे शब्द झकास चालतात. दुखायला लागलं की मात्र एकही शब्द कामाला येत नाही. डॉक्टरसमोर उभं राहून आपण म्हणतो, "खाली दुखतंय." खाली म्हणजे कुठं? पायाचा अंगठापण खालीच असतो.

तर आजचा विषय साधा आहे. एखाद्याला परमा होतो. डॉक्टरी भाषेत गनोरिया, नाहीतर क्लॅमिडिया, पुष्कळदा दोन्ही एकदम. लघवीला जळजळ, चड्डीला पू. तो औषध घेतो. पू थांबतो, जळजळ जाते. सुटलो म्हणतो. आणि मग आठवडाभरानं, दोन आठवड्यांनी लक्षात येतं की एका बाजूचं आंड दुखतंय. ठणका नाही, कळ नाही, आत कुणीतरी दोरी ओढून धरल्यासारखं. बसलं तरी, उभं राहिलं तरी. महिना जातो, दोन महिने जातात. दुखणं जात नाही. त्या माणसाचं पुढं काय होतं, त्यावर मी बोलणार आहे.

हा माणूस कोण? तुम्ही लगेच म्हणाल ट्रक ड्रायव्हर. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं तेव्हापासून करळ फाट्यापासून कळंबोलीपर्यंत ट्रेलरच्या रांगा लागल्या. घर हजार मैलांवर ठेवून माणूस तीन-तीन दिवस केबिनमध्ये झोपतो. सरकारनं एड्सच्या काळात त्याला 'जोखमीचा गट' म्हणून वेगळा काढला, त्याच्यासाठी पोस्टर छापली, निरोध वाटले. ते बरं केलं. पण त्यामुळं बाकीच्यांना वाटलं की आपण नामानिराळे. हा आजार धंदा विचारत नाही. बाजार समितीतला पोरगा, कॉल सेंटरचा, कॉलेजचा, लग्न झालेला, सहा महिन्यांत एकदाच कुणाबरोबर झोपलेला, सगळ्यांना होतो. मी बंदरावर लॅशिंगला आहे. मला झाला.

आता हसायचं थांबलं. चांगलं. कुणाकडून झाला, कसा झाला, हे मी सांगणार नाही. ते विचारायचा हक्क फक्त माझ्याबरोबर असलेल्या माणसाला, आणि तिला मी सांगितलंय. माझ्या दुखण्याची गोष्ट सांगायच्या आधी एक जुनी गोष्ट सांगतो, म्हणजे हा विषय चळवळीच्या व्यासपीठावर कशाला असं ज्यांना वाटतंय त्यांना उत्तर मिळेल.

रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव ऐकलंय का? महर्षी कर्व्यांचा मुलगा. गणिताचा प्राध्यापक. संततिनियमनाचं बोलतो म्हणून विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचक प्रश्न विचारायचे. लाजेनं कुणालाच विचारता येत नाहीत असे प्रश्न. शरीराचे, संभोगाचे, हस्तमैथुनाचे, गुप्तरोगांचे. कर्वे उत्तरं द्यायचे, सरळ, शाळामास्तरासारखी. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता, गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, डोक्यावर हजार कामं. तरी हा माणूस कोर्टात उभा राहून सांगत होता की वाचक विचारतात तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे, लैंगिक गोष्टीवर लिहिलं म्हणून लगेच ते अश्लील होत नाही. खटला हरले. कर्व्यांना दंड झाला. बाबासाहेबांच्या वकिलीच्या यादीत हा खटला आपले लोक फार सांगत नाहीत. का सांगत नाहीत ते तुम्हाला कळतंच आहे.

आता माझं. पू आला तेव्हा मी एका सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं गुप्तरोगाचा वेगळा विभाग असतो, 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी असते. आत बसलेल्या बाईंनी मला माणसासारखं बोलवलं, हे आधी सांगतो. खुर्ची दिली. प्रश्न विचारले. एच.आय.व्ही. आणि गरमीच्या तपासणीला रक्त घेतलं, पैसे घेतले नाहीत. डॉक्टरनं करड्या रंगाची पुडी दिली. तिच्यात ॲझिथ्रोमायसिनचा १ ग्रॅमचा डोस आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. समोर पाणी देऊन गिळायला लावली. चौथ्या दिवशी चड्डी कोरडी. मी खूश.

दहाव्या दिवशी जहाजावर रॉड काढताना उजव्या बाजूला ओढ लागली. वाटलं, वजन उचललं म्हणून. आपल्याकडे पाठ, खांदा, ढोपर यातलं काही ना काही रोज दुखतंच. अंगावर काढलं. तीन आठवड्यांनी हात लावून पाहिलं तर आंडाच्या मागच्या बाजूला जाड, दुखरं काहीतरी लागलं. घाबरलो. एका खाजगी डॉक्टरकडं गेलो. त्यानं टेबलाच्या पलीकडूनच विचारलं, "बाहेर गेला होतास का?" आणि सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. फरक नाही. दुसरा डॉक्टर. त्यानं पहिल्याचा कागद बघितला, नाक मुरडलं, दहा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या. जुलाब लागले, दुखणं तिथंच. तिसरा म्हणाला, "काही नाही, मनाचं आहे. लग्न करून टाक." लग्न म्हणजे काय मलम आहे?

तिघांनी मिळून माझे साडेतीन हजार घेतले. तिघांतल्या एकानंही मला पँट काढायला सांगितली नाही.

ह्या वाक्यावर थांबतो, कारण भाषण ह्याच वाक्यासाठी आहे.

दुखतंय ते जागेवर बघायचं असतं, दोन बोटांत धरून. पुढं गोळी असते, अंड्यासारखी, गुळगुळीत. मागं तिला चिकटून एक मऊ गुंडाळी असते. तिला एपिडिडिमिस म्हणतात. ही एकच नळी आहे, वेटोळी करून ठेवलेली. उलगडली तर सुमारे ६ मीटर भरते. आपल्या बोटभर जागेत दोन मजली चाळीएवढी उंच नळी! वीर्यातले जंतू तिच्यात मोठे होतात, पोहायला शिकतात. परम्याचे जंतू मूत्रनळीतून उलटे चढत ह्या नळीपर्यंत पोचले की ती सुजते. पस्तिशीच्या आतल्या पुरुषात ही सूज बहुधा लैंगिक संसर्गानंच येते.

आता बघा, मूत्रनळीतल्या जंतूंना एक डोस पुरतो. एपिडिडिमिसला तो पुरेल असं नाही. तिथं सूज आली असेल तर साधारणपणे सेफ्ट्रायॅक्सोनचं एक इंजेक्शन आणि डॉक्सीसायक्लिन रोज दोनदा असं दहा दिवस देतात. म्हणजे आजार एकच, जागा बदलली की औषधाचा हिशोब बदलतो. आणि जागा कळायला हात लावावा लागतो. दुसरं, औषध बरोबर मिळालं, जंतू मेले, तरी सूज लगेच उतरत नाही. तीन दिवसांत आराम पडायला सुरुवात व्हायला पाहिजे, नाही पडला तर पुन्हा दाखवायला पाहिजे. पण दुखरेपणा आणि जाडी पुढं कित्येक आठवडे राहू शकते. काहींना महिने. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी माझे साडेतीन हजार वाचवले असते आणि रात्रीची झोपही.

चौथ्या ठिकाणी, मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जरीच्या ओ.पी.डी.त, एका शिकाऊ डॉक्टरनं तपासलं. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. हातमोजे घातले, म्हणाला, "दुखलं तर सांग, भाऊ." दोन्ही बाजू तपासल्या. उभं करून खोकायला लावलं, हर्निया आहे का बघितलं. सोनोग्राफी लिहिली. रिपोर्ट आल्यावर कागदावर चित्र काढून दाखवलं की गोळी चांगली आहे, गाठ नाही, रक्त नीट पोचतंय, मागची नळी जाड झालीय. लघवी पुन्हा तपासून घेतली, जंतू नव्हते. म्हणाला, "आग विझलीय. भिंत अजून गरम आहे. आता अँटिबायोटिक घेऊ नकोस." सगळं मिळून आठ-नऊ मिनिटं. सातव्या महिन्यात आहे मी. दुखणं पाऊण गेलंय. डबल पाळी केली की परत ओढतं.

आता तुम्ही म्हणाल, पहिल्या दवाखान्यानं पुडी देऊन चूक केली. नाही रे. पुडीवर माझा राग नाही. ती कशी आली ते समजून घ्या. गनोरियाची नीट तपासणी करायची तर प्रयोगशाळा लागते, रिपोर्टला दिवस लागतात, आणि आपला माणूस एकदा दवाखान्याबाहेर पडला की परत येईल ह्याची खात्री नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं गरीब देशांसाठी एक पद्धत पुढं आणली: लक्षण बघा, त्या लक्षणाला होऊ शकणाऱ्या सगळ्या मुख्य जंतूंवर एकदम औषध द्या, त्याच भेटीत. भारतात नॅकोनं त्याच्या रंगीत पुड्या केल्या. मूत्रनळीतून पू आला, करडी. योनीतल्या स्रावाला हिरवी. ओटीपोटात दुखणाऱ्या बाईला पिवळी. फुकट. ह्या पुड्यांनी लाखो लोकांचा पू थांबवला, पुढचा संसर्ग अडवला. हे आपल्या बाजूचं काम आहे, त्याला नावं ठेवायला मी आलो नाही.

पण पुडीला परतीचा रस्ता लागतो. आठवड्यानं परत ये, दाखव, असं सांगितलेलं असतं. माझ्या कागदावरही लिहिलेलं होतं. सकाळी नऊ ते दुपारी ओ.पी.डी. आणि पहिल्या पाळीचा मुकादम सातला हजेरी घेतो. परत कोण जाणार? पू थांबला म्हणजे काम फत्ते, असं आम्हालाही वाटतं आणि सरकारी रजिस्टरलाही वाटतं. उरलेल्या दुखण्याला रजिस्टरात रकाना नाही. त्याला पुडीचा रंग नाही.

आणि हात न लावण्याचं काय? इथं मी जपून बोलतो. टेबलापलीकडच्या त्या तीन डॉक्टरांनी माझी जात विचारली नव्हती. बाहेर चाळीस माणसं रांगेत होती, गुप्तांग तपासायला आडपडदा नव्हता, त्यांनाही लाज असेल. असेल. पण ज्या समाजात शेकडो वर्षं काही अंगांना हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं, तिथं घामेजलेल्या लेबरच्या पोराला न तपासता औषध लिहिणं कुणालाच खटकत नाही. मलाही तिसऱ्या डॉक्टरपर्यंत खटकलं नव्हतं. मी तर मनातून सुटलो म्हणत होतो, पँट काढावी लागली नाही म्हणून. त्याला माझा किळस नको होता आणि मला माझी लाज नको होती. दोघांचं छान जमलं. आंड सडलं असतं तरी चाललं असतं.

तपासणीच्या सक्तीचीही एक गोष्ट ह्या शहरानं पाहिलीय. इंग्रजांनी १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला, मुंबईतही लावला. धंदा करणाऱ्या बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, रोग निघाला तर लॉक हॉस्पिटलात डांबणं. गोऱ्या सैनिकांचा आणि खलाशांचा परमा कमी व्हावा म्हणून. ह्या कायद्यात तपासायची बाई. खलाशी मोकळा. विरोध होऊन १८८८ साली तो रद्द झाला, पण डोक्यातून गेला का? आपली भाषाच बघा. "तिच्याकडून लागलं." "तिनं दिलं." कधी कुठला मर्द म्हणालाय की मी तिला दिलं?

बाईच्या शरीरात क्लॅमिडिया बहुतेक वेळा आवाजच करत नाही. पू नाही, जळजळ नाही. तिला पत्ता नसतो. आत नळ्यांवर व्रण पडत जातात, नळ्या बंद होतात. मग मूल होत नाही. मग सासू वांझ म्हणते, नवस, गंडे, बाबा, आणि शेवटी दुसरं लग्न. आणि हे महाशय पाच वर्षांपूर्वी पुडी गिळून मोकळे झालेले. दोन्ही बाजूंची एपिडिडिमिस खराब झाली तर मूल न होण्याचं कारण पुरुषातही असू शकतं, पण वीर्य तपासायला जा म्हटलं की ह्याची मर्दानगी आडवी येते. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्याला पुडी मिळाली त्यानं आपल्या जोडीदाराला सांगायचं, तिलाही औषध मिळवून द्यायचं, आणि दोघांचं औषध होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध ठेवायचा नाही. तिला औषध नाही दिलं तर तोच जंतू फिरून तुमच्याकडं येतो. मग 'उपचारानंतरही दुखतंय' म्हणून बोंबलत बसायचं, आणि तो उपचार झालेलाच नसतो, नवीन लागण असते. सांगायला जड जातं, मला माहीत आहे. मला दोन दिवस लागले. ती आधी रडली, मग माझ्याबरोबर दवाखान्यात आली. ह्यापेक्षा जास्त तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

डॉक्टरकडून सुटलेला माणूस कुठं जातो, तेही बघा. हार्बर लाइनच्या डब्यात, मुतारीच्या भिंतीवर चिकटवलेलं असतं: गुप्तरोग, नसांची कमजोरी, वाकडेपणा, खात्रीशीर इलाज. १९५४ सालचा जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींचा कायदा आहे आपल्याकडं. गनोरिया, गरमी, नपुंसकत्व, हायड्रोसील, ह्यांच्या इलाजाच्या जाहिरातीला त्यात सरळ बंदी आहे. म्हणजे मुतारीतला तो प्रत्येक कागद गुन्हा आहे. पण मुतारीत कायदा वाचायला कोण जातो? तिथला वैद्य तुम्हाला सांगतो की धातू गेला, शिरा मेल्या, रक्तात विष राहिलं. 'रक्तात राहिलं' ह्या तीन अक्षरी भीतीवर, राहिलं ह्या एका शब्दावर, ह्यांचे बंगले उभे आहेत. आमच्या गँगमधल्या एका काकांनी असल्या दुकानात चौदा हजार घातले. मुलीच्या फीचे. त्यांना शेवटी निघाला मुतखडा. मुतखड्याची कळसुद्धा खाली आंडात उतरते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, परम्यानंतर आंड दुखलं म्हणजे परम्याचंच दुखणं असं धरून चालू नका. हर्निया असू शकतो. शिरा फुगलेल्या असू शकतात, वजन उचलणाऱ्यात, उभ्यानं काम करणाऱ्यात त्या जास्त ठणकतात. कमरेच्या मणक्यातून कळ उतरू शकते. पण तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करून घ्या. एकदम, झोपेतून उठवेल अशी असह्य कळ, ओकारी, आंड वर ओढलं गेलेलं, म्हणजे ते आत पिळलं गेलंय. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर बहुधा वाचतं. त्या वेळी सकाळची ओ.पी.डी. बघायची नाही, रिक्षा करायची आणि थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. हे पोरांत जास्त होतं, घरी धाकटे भाऊ असतील त्यांनाही सांगा. दुसरं, गोळीतच कडक गाठ लागली, न दुखणारी असली तरी, दाखवायची. आंडाचा कॅन्सर म्हाताऱ्यांचा नव्हे, आपल्या वयाचा आहे, आणि लवकर सापडला तर बहुतेक बरा होतो. न दुखणारी म्हणून सोडतात, तिथंच घात होतो.

तिसरं टी.बी. ह्यावर जरा थांबतो, कारण हे खास आपलं आहे. जगातल्या टी.बी.च्या रोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात. आपल्याला टी.बी. म्हणजे खोकला आणि छाती एवढंच माहीत. पण तो एपिडिडिमिसमध्येही बसतो. हळूहळू जाड, टणक होत जाते, फार दुखत नाही, कधी पुढं फुटून कातडीतून पाझरते. पाच बाय पाचच्या खोलीत सात माणसं झोपणारे आपण. परम्याच्या गोळ्यांनी हे हलत नाही. डॉक्टर एकामागून एक अँटिबायोटिक बदलत राहतो, वर्ष जातं. तपासणी फुकट आहे, औषध फुकट आहे, साधारण सहा महिन्यांचं. घरात कुणाला टी.बी. झाला असेल तर डॉक्टरनं विचारायची वाट बघू नका, आपण होऊन सांगा.

आणि सगळं तपासून काहीच निघालं नाही तर? असंही होतं. जंतू नाही, गाठ नाही, नळीसुद्धा बरी, आणि माणूस तीन महिन्यांहून जास्त दुखतोय. तेव्हा डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. मी त्यांना म्हणतो, दुखणं खरं असतं. सूज गेली तरी त्या जागेच्या मज्जातंतूंना दुखायची सवय लागलेली असते. भीतीनं माणूस ओटीपोटाचे, गुदाजवळचे स्नायू सतत आवळून धरतो, आणि ते आवळलेले स्नायूच मग दुखतात. मी स्वतः जहाजाची शिडी चढताना श्वास धरून ठेवायचो, मला कळलंच नव्हतं. ह्याला उपाय आहेत. आधार देणारी घट्ट चड्डी, गरम पाण्यात बसणं, सूज उतरवणाऱ्या गोळ्या जेवणानंतर आणि डॉक्टरनं सांगितल्या तेवढ्याच दिवस, स्नायू सैल सोडायचे व्यायाम, मज्जातंतूंची औषधं, क्वचित इंजेक्शन देऊन नस सुन्न करणं. कापून काढणं सगळ्यात शेवटी, आणि कापूनही दुखणं जाईलच असं नाही. मनावर परिणाम होतोच. बाईजवळ जायची भीती वाटते, चिडचिड होते, रात्री नको ते विचार येतात. त्यावरही डॉक्टर असतात. तिथं जाणारा वेडा नसतो.

राहता राहिली विश्रांती. त्या भल्या शिकाऊ डॉक्टरनं लिहून दिलं होतं: दोन आठवडे वजन उचलू नये. मी कागद वाचून हसलो. लॅशिंगचा रॉड काय फुलांचा हार आहे? रोजावरच्या माणसाला विश्रांती लिहून देणं म्हणजे उपाशी राहा असं लिहून देणं. तरी त्याला दोष देत नाही, त्याचं काम त्यानं केलं. ज्याचं काम होतं त्या ठेकेदारानं माझ्या पगारातून ई.एस.आय. कापलं आणि भरलंच नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. ई.एस.आय. चालू असेल तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्याच्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. तेव्हा आज घरी गेल्यावर पगाराची चिठ्ठी बघा. नंबर आहे का, पैसे जमा होतात का, ते मोबाइलवर तपासता येतं. बघणाऱ्याला येतं. ज्याला येत नाही त्यानं माझ्याकडं यावं.

दाखल्यावर आजाराचं नाव असतं म्हणून लाजून कुणी दाखला घेतच नाही, हेही मी बघितलंय. माझ्या दाखल्यावर 'एपिडिडिमायटिस' लिहिलं होतं. मुकादमानं तीन वेळा वाचलं आणि विचारलं, "काय रे, टायफॉइडचा भाऊ का?" मी म्हटलं, "हो मुकादम, थोरला." त्यानं दोन आठवडे मला खाली टॅली लिहायला बसवलं. अर्ध्या रोजावर.

आता माझं संपलं. शनिवारी सकाळी आम्ही चौघं हॉस्पिटलच्या ओ.पी.डी.ला जाणार आहोत. मला परत दाखवायचंय, बाकीच्या तिघांचं काय आहे ते त्यांचं त्यांना माहीत. कुणाला यायचं असेल तर आठ वाजता तुर्भे स्टेशनवर पुलाखाली उभे राहा, काही विचारणार नाही. रांगेत सोबत असली की पाय मागं फिरत नाहीत एवढंच. आणि आत गेल्यावर टेबलापलीकडून औषध लिहायला लागले तर म्हणा, "डॉक्टर, आधी तपासता का?" आवाज चढवायची गरज नाही.

प्रश्न तोंडी विचारायला जमणार नाहीत, म्हणून दारापाशी खोका ठेवलाय, शेजारी कागद आणि पेन्सिल. नाव लिहू नका. मला ज्यांची उत्तरं येतात ती पुढच्या रविवारी देईन. बाकीच्या चिठ्ठ्या शनिवारी त्या शिकाऊ डॉक्टरला नेऊन देतो, तो हो म्हणालाय. बायकांच्या चिठ्ठ्यांसाठी दुसरा खोका आतल्या खोलीत आहे, तो मी उघडणार नाही.